झुडपी जंगलांतील पांखरें

नागपूर-चांद्याकडच्या महसुली कागदांत एक गमतीचा शब्द आढळतो. तो म्हणजे ‘झुडपी जंगल’. जी जमीन मुरमाड आहे, बरड आहे, जिच्यांत ज्वारी पिकत नाहीं आणि सागाचें खोडहि धड वाढत नाहीं, गांवचीं गुरें चरावयास सोडण्यापलीकडे जिचा उपयोग कोणास सुचला नाहीं, अशा जमिनीवर जुन्या मध्यप्रांतांतील महसूल खात्यानें हा शिक्का मारला. पुढें मालगुजारी गेली, १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. शिक्का मात्र कायम राहिला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या सहा जिल्ह्यांत मिळून अशी सुमारें ८६,००० हेक्टर जमीन कागदोपत्रीं आहे. शेतकरी तिला शेत म्हणत नाहीं, वनाधिकारी तिला मनापासून वन म्हणत नव्हता, आणि शहरवासी तर तिला ‘पडीक’ म्हणूनच ओळखतो. ह्या तिघांनींहि टाकलेल्या जमिनीवर पांखरांची जेवढी वर्दळ असते तेवढी पुष्कळदां नांवाजलेल्या घनदाट अरण्यांतहि दृष्टीस पडत नाहीं. ती कां असते, आणि शहरांत राहणाऱ्या माणसाला ती कशी पाहतां येईल, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

श्रोतेहो, चंद्रपूरचें नांव काढलें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें ताडोबा उभा राहतो, आणि ताडोबा म्हटला कीं वाघ. त्यांत वावगें कांहीं नाहीं. १९५५ सालापासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेलें तें अरण्य आहे, आणि त्याची कीर्ति सार्थ आहे. परंतु ताडोबास जावयाचें म्हणजे आगाऊ परवाना, भाड्याची उघडी गाडी, बरोबर वाटाड्या, आणि गाडींतील सर्वांच्या नजरा एकाच पट्टेदार जनावराच्या शोधांत गुंतलेल्या. खालीं उतरण्याची मोकळीक नाहीं. आणि ‘जरा थांबा, तो खाटीक पाहूं द्या’ असें म्हटलें तर शेजारचे प्रवासी आपणांकडे ज्या दृष्टीनें पाहतात ती दृष्टि कांहीं फारशी प्रेमळ नसते. पक्षी पाहणाऱ्याला हवें असतें तें ह्याच्या अगदीं उलट. त्याला पायीं चालावयाचें असतें, एका जागीं अर्धा-पाऊण तास बसावयाचें असतें, आणि वर्षभर त्याच जागेवर पुन्हां पुन्हां यावयाचें असतें. ही सोय घराजवळच्या झुडपांतच होऊं शकते.

आणि चंद्रपुरांत झुडपें शोधीत दूर जावें लागत नाहीं. हें गांवच मुळीं झुडपांतून निघालें अशी कथा आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह हा शिकारीच्या वेळीं झरपट नदीच्या कोरड्या पात्रांतील एका खळग्यांतलें पाणी प्याला आणि त्याच्या अंगावरील गांठी बऱ्या झाल्या. पुढें त्याच रानांत एक ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागें लागलेला त्याला दिसला. कुत्रा सशाच्या मागें नव्हे, ससा कुत्र्याच्या मागें! राजाला नवल वाटलें, राणीला तें शुभचिन्ह वाटलें, आणि ससा ज्या वाटेनें धांवला त्या वाटेनें तट बांधण्याचें ठरलें. कथेचा खरेखोटेपणा इतिहासकारांनीं पाहावा. झुडपांतल्या सशानें आंखून दिलेलें शहर ही कल्पना मला तरी आवडते. तो तट सुमारें ११ किलोमीटर लांबीचा असून जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे त्याचे दरवाजे आजहि रहदारीच्या मध्यें उभे आहेत. एका अंगास इरई नदी, दुसऱ्या अंगास झरपट. नदीकांठीं सिंदीचीं झाडें, बुरुजांच्या पायथ्याशीं माजलेली बेशरम व वेडी बाभूळ. आणि शहराचीं घरें संपतात न संपतात तोंच लोहारा व जुनोना ह्या बाजूंस सुरू होणारें रान.

तटाच्या चिऱ्यांमधल्या पोकळ्यांत पिंगळे राहतात, पोपट राहतात, पाकोळ्या ये-जा करतात. २०१७ सालापासून ‘इको-प्रो’ ह्या स्थानिक संस्थेच्या तरुणांनीं श्रमदानानें हा तट साफ करण्याचें मोठें काम चालविलें आणि त्याची वाखाणणी दिल्लीपर्यंत झाली. तें काम योग्यच होतें, कारण पिंपळाचें मूळ एकदां फटींत शिरलें कीं दगड उचकटल्याशिवाय राहत नाहीं. मात्र तटावरचें झाड आणि तटाखालचें झुडूप ह्यांत भेद करावा एवढी सूचना करावीशी वाटते. पहिलें इमारतीचा शत्रु आहे. दुसऱ्यानें तटाचें कांहींच वांकडें केलेलें नाहीं.

आतां पांखरांना झुडपांचें एवढें अगत्य कां? ह्याचें उत्तर झुडपी जमिनीच्या रचनेंत आहे. दाट सागवनांत पावसाळ्यांत वरचीं रुंद पानें ऊन अडवून धरतात, त्यामुळें खालीं गवत बेताचेंच उगवतें. उन्हाळ्यांत तींच पानें गळून पडतात व खालीं नुसता वाजणारा पाचोळा उरतो. झुडपी जमिनीवर ऊन थेट भुईपर्यंत पोंचतें. दोन झुडपांच्या मध्यें गवताचा तुकडा असतो, त्याच्या पलीकडे उघडा मुरूम असतो, मध्येंच एखादें वारूळ, एखादा पळस, एखादें हिवराचें झाड. गवतांत टोळ आणि नाकतोडे, मुरमांत मुंग्या, वारुळांत वाळवी, झुडपांवर अळ्या. म्हणजे दहा पावलांच्या आंत चार निरनिराळीं स्वयंपाकघरें आणि चारी चालू. जमिनीवर टिपणाऱ्या तितरानें तेथें यावें, फांदीवरून झेप घेणाऱ्या कोतवालानें यावें, पानामागची अळी काढणाऱ्या शिंप्यानें यावें, आणि हवेंत माशी धरणाऱ्या वेड्या राघूनेंहि यावें. कोणाचा कोणाला अडथळा होत नाहीं.

दुसरी गोष्ट काट्यांची. बोर, बाभूळ, खैर, करवंद, चिलाटी, भराटी हीं झुडपी रानांतलीं नेहमींचीं झाडें. आणि त्यांतलें एकहि माणसाला सुखानें हात लावूं देत नाहीं. माणसाला जें नकोसें तें लहान पांखराला किल्ल्यासारखें असतें. बोरीच्या आंतल्या बाजूस बांधलेल्या बुलबुलाच्या किंवा वटवट्याच्या घरट्यापर्यंत मांजराचा पंजा सहसा पोंचत नाहीं. खाटीक तर काट्याचा उपयोग निराळाच करतो. डोळ्यांवरून काळी पट्टी ओढलेला हा लहानसा पक्षी टोळ अगर सरडा धरतो आणि पुष्कळदां तो काट्याला टोंचून ठेवतो. मग सावकाश फाडून खातो. त्याच्या नांवाचा उगम ह्या उद्योगांत आहे. बाभळीवर असा सुकलेला टोळ लटकत असलेला दिसला तर मालक जवळच कोठें तरी बसलेला असतो.

तिसरी गोष्ट मेव्याची. झुडपी रानांत वर्षांतल्या प्रत्येक महिन्याला कांहीं ना कांहीं पिकत असतें. थंडींत बोरें, फाल्गुनांत पळस फुलतो, वैशाखांत करवंदें आणि टेंभुर्णीचीं फळें, मृगाच्या तोंडावर सिंदीचीं फळें. पळस फुलला म्हणजे पाहणाऱ्यानें दुसरीकडे जाण्याची गरजच राहत नाहीं. पानें झडून गेलेलीं असतात, त्यामुळें पांखराला लपावयास जागा नसते. आणि मधाच्या लोभानें शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, पोपट, कोतवाल असे सगळेच तेथें जमतात. ह्याच दिवसांत भोरड्यांचे थवे येतात. अंग गुलाबी, डोकें व पंख काळे. हा पाहुणा मध्य आशियांतून हिवाळ्यासाठीं आपल्याकडे येतो आणि वैशाखापूर्वीं परत जातो. पळसाचीं फुलें त्याला इतकीं प्रिय कीं लोकांनीं त्याचें नांवच पळसमैना ठेवलें.

झुडपांतल्या रहिवाशांत सर्वांत बोलका कुटुंबकबिला सातभाईंचा. मळकट मातकट रंगाचे, विस्कटलेल्या पिसांचे, पांच-सात ते दहा-बारांच्या टोळीनें सतत कलकलाट करीत भुईवर पाचोळा उलटणारे हे पक्षी दिसावयास कांहीं देखणे नाहींत, आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. परंतु ज्याला एकत्र कुटुंबाची रीति पाहावयाची असेल त्यानें सातभाईच पाहावे. टोळी चरत असतांना एखादा वरच्या फांदीवर राखणीला बसतो. शिक्रा दिसतांच तो ओरडतो आणि सगळी टोळी काट्यांत शिरते. घरटें एका जोडप्याचें असतें, पण पिलांना चारा भरविण्यास टोळींतले इतरहि हातभार लावतात. ह्या चांगुलपणाचा फायदा घेणारेहि आहेतच. पावशा आणि चातक हे दोघेहि आपलीं अंडीं सातभाईंच्या घरट्यांत घालून मोकळे होतात. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असा उपदेश शेतकऱ्याला करणारा पावशा स्वतः मात्र संसाराची पेरणी दुसऱ्याच्या वावरांत करतो! आणि ज्या चातकाच्या निष्ठेचे गोडवे कवि शतकानुशतकें गात आले, तो केवळ पावसाच्या थेंबांवर जगत नसून अळ्यांवर, त्यांतहि केंसाळ अळ्यांवर, चांगला ताव मारतो. तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर समुद्रापलीकडून, आफ्रिकेकडून, येतो हें मात्र खरें. आणि तें कवींच्या कल्पनेहून कमी अद्भुत नाहीं. ह्या दोघांना अंडीं घालावयास सातभाई हवेत, सातभाईंना झुडपें हवींत. झुडूप तोडलें म्हणजे तुटतें तें एवढें सगळें.

मृग लागण्याच्या सुमारास आणखी एक पाहुणा येतो. त्याचें नांव नवरंग. हिरवी पाठ, निळा खांदा, पिवळसर छाती, पोटाखालीं लाल आणि डोळ्यांवर काळा पट्टा. इतके रंग असूनहि तो दिसत नाहीं, कारण तो दाट झुडपाखालच्या ओल्या पाचोळ्यांत उड्या मारीत हिंडतो. हिवाळा दक्षिणेस व सिंहलद्वीपांत काढून तो पावसाळ्याआधीं मध्य भारतांतील रानांत घरटें करावयास येतो. तो ऐकावा, मग पाहावा. पहांटे व सायंकाळीं त्याची दोन सुरांची स्पष्ट शीळ ऐकूं येते. ती ज्या बाजूनें आली त्या बाजूस तोंड करून बसून राहावें; पाठलाग करूं नये. पाठलाग करणाऱ्याला नवरंग क्वचितच भेटतो.

दसऱ्याला ज्याचें दर्शन शुभ मानतात तो नीलपंख, किंवा आपल्याकडे म्हणतात तो नीलकंठ, तारेवर बसलेला पुष्कळांनीं पाहिला असेल. बसला असतां हा मळकट तपकिरी दिसतो. उडाला कीं पंखांतली निळाई अकस्मात् उघडते. ह्या ओळखीच्या पक्ष्याबद्दल एक चिंतेची बातमी आहे. भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीवर २०२३ सालीं एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. हजारों हौशी निरीक्षकांच्या टिपणांवरून त्यांत ९४२ जातींचा आढावा घेतला आहे, आणि त्यांतील १७८ जातींकडे तांतडीनें लक्ष देण्याची गरज आहे असें म्हटलें आहे. त्या १७८ मध्यें आपला नीलकंठ आहे. गवताळ, झुडपी अशा उघड्या जागीं राहणारे पक्षी अधिक वेगानें घटत आहेत, असाहि त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. ह्याचें कारण समजण्यासारखें आहे. घनदाट अरण्याला कायद्याचें कुंपण मिळालें. उघड्या माळाला आणि झुडपांना मिळाली ती ‘मोकळी जागा’ ही पदवी, आणि मोकळ्या जागेचें पुढें काय होतें हें शहरांत राहणाऱ्यांना सांगावयास नको.

पाहण्याची पद्धति फार सोपी आहे. आठ पट मोठें दाखविणारी, चाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरे. ह्याहून मोठी घेतली तर हात कांपतो आणि पक्षी दिसेनासा होतो. कपडे मातकट किंवा फिकट हिरवे असावे. चंद्रपुरांत उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो हें लक्षांत ठेवून सूर्योदयाला जागेवर पोंचावें आणि नऊला परतावें. त्यानंतर पांखरेंहि सांवली धरतात. आधीं आवाज, मग आकार, मग हालचाल, आणि शेवटीं रंग, ह्या क्रमानें ओळखावयास शिकावें. नवशिका रंगापासून सुरुवात करतो आणि फसतो, कारण सकाळच्या तिरप्या उन्हांत पाठमोरा बुलबुल व पाठमोरा कोतवाल दोन्ही काळेच. उलट शेंपटी दुभंगलेली आहे कीं सरळ, पक्षी चालतो कीं उड्या मारतो, उडतांना वर-खालीं हेलकावे घेतो कीं सरळ जातो, हें अंधुक उजेडांतहि कळतें. मराठींत ज्यांना नांवें शोधावयाचीं असतील त्यांना मारुती चितमपल्ली ह्यांच्या ‘पक्षीकोशा’चा आधार आहे. वनखात्यांत नोकरी करीत विदर्भाच्या रानांत आयुष्य घालविलेल्या ह्या लेखकाचें २०२५ सालीं निधन झालें. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर व डॉ. सालिम अली ह्यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर, ह्या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रांत ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळतात. आरंभ करावयास तो काळ उत्तम, कारण तेव्हां थंडीचे पाहुणे नुकतेच उतरलेले असतात.

हे पाहुणे पाण्यावर पाहावे. तटाच्या आंत रेल्वे स्टेशनाजवळ गोंड राजांच्या काळांतला रामाळा तलाव आहे. सांडपाणी आणि जलपर्णी ह्यांनीं तो इतका कोंडला होता कीं २०२१ सालीं इको-प्रोच्या बंडू धोतरे ह्यांनीं त्यासाठीं उपोषण केलें, आणि त्यानंतर गाळ काढण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. जलपर्णीबद्दल पक्षिनिरीक्षकाचें मत जरा संमिश्र असतें, हें येथें सांगून टाकतों. कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या तिच्या गालिच्यावर मजेंत फिरतात. परंतु तिनें सगळें पाणी झांकलें कीं पाण्यांतला प्राणवायु कमी होतो, मासे जातात, आणि माशांमागें पाणकावळे, बगळे, खंड्येहि जातात. कांठाला थोडी हिरवळ आणि मध्यें उघडें पाणी, हें सर्वांत बरें. शहराबाहेर जुनोन्याचा जुना तलाव आहे. आणि ताडोबाच्या वाटेवर इरई धरणाचा जलाशय आहे. हें धरण औष्णिक वीज केंद्राच्या पाण्यासाठीं बांधलेलें. त्याच्या उघड्या कांठावर थंडींत चक्रवाक आणि पट्टकादंब उतरतात. पट्टकादंबाच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. हा हंसजातीचा पक्षी हिमालय ओलांडून येतो, आणि त्याच्या अंगावर बसविलेल्या यंत्रांनीं ७,००० मीटरांहून अधिक उंचीवरील उड्डाण नोंदविलें आहे. २००९ सालच्या केंद्रीय पाहणींत प्रदूषणाच्या बाबतींत देशांत चौथा क्रमांक लागलेल्या शहराच्या वेशीवर तो निवांत झोंप घेतो. धुराड्याच्या पार्श्वभूमीवर झोंपलेला तो थवा पाहून मनांत नेमकें काय येतें हें शब्दांत सांगणें कठीण आहे.

आतां एका अप्रिय गोष्टीकडे वळलें पाहिजे. चंद्रपूरच्या झुडपांत पांखरेंच राहतात असें नाहीं. वीज केंद्राच्या विस्तीर्ण आवारांत व कोळसा खाणींच्या जुन्या ढिगाऱ्यांवर जें काटेरी रान माजलें आहे त्यांत वाघ आणि बिबटे वावरतात. फेब्रुवारी २०२२ मध्यें त्या आवारांत वाघानें एका कामगाराचा बळी घेतला, आणि लागलीच शेजारच्या दुर्गापूर भागांत बिबट्यानें एका मुलाला मारलें. ज्यांच्या घरांतलें माणूस गेलें त्यांना पांखरांचें कौतुक सांगण्यांत अर्थ नाहीं. झुडपें कापा अशी मागणी त्या वेळीं झाली आणि ती साहजिक होती. घरांच्या मागें, शाळेच्या वाटेवर, कामगारांच्या पायवाटेला लागून झुडूप नसावें. तेथें उजेड असावा, उकिरडा नसावा, मोकाट कुत्रीं व डुकरें नसावींत, कारण बिबट्या येतो तो बहुधा त्यांच्या वासावर. हें सर्व मान्य करूनहि एक गोष्ट राहते. सगळेंच झुडूप कापलें म्हणजे जनावर नाहींसें होत नाहीं. तें सरकतें, आणि सरकतें तें पुष्कळदां वस्तीकडेच. म्हणून कोठें कापावयाचें व कोठें राखावयाचें हें जागा पाहून ठरवावें लागतें. पक्षी पाहावयास जाणाऱ्यांसाठीं माझा नियम कडक आहे. उजाडल्याशिवाय जाऊं नये, एकट्यानें जाऊं नये, लहान मुलांना झुडपांत पुढें धाडूं नये, वनखात्यानें मनाई केलेल्या भागांत पाऊल ठेवूं नये, आणि भुईवर वांकून बसूं नये. तटावरून, बांधावरून, रस्त्याच्या कडेवरून जें दिसतें तें वर्षभर पाहण्यास पुष्कळ आहे.

कोळशाचें नांव निघालेंच आहे तर एक जुनी हकीकत सांगतों. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यांतील डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड हे अधिकारी गोदावरीच्या खोऱ्यांत खडकांची पाहणी करीत होते. हे गृहस्थ पक्षिशास्त्राचेहि मोठे जाणकार. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेंत पक्ष्यांचे दोन खंड त्यांनींच लिहिले. प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळच्या सिरोंचा भागांत, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाला, त्यांना एक दुर्मिळ पक्षी आढळला. तो जेर्डनचा धाविक. टिटवीपेक्षां लहान, लांब पायांचा, गळ्याखालीं दोन तपकिरी पट्टे असलेला, आणि दिवसा झुडपाखालीं निजून रात्रीं चरणारा. १८४८ सालीं शास्त्राच्या नोंदींत आलेला हा पक्षी १९०० नंतर कोणालाहि दिसला नाहीं. तो संपला असेंच सर्वांनीं धरून चाललें होतें. पुढें १९८६ सालीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक भरत भूषण ह्यांना तो आंध्रांत कडप्पाजवळ सांपडला; आणि त्यांना वाट दाखविणारा होता तेथलाच एक पारधी, ज्याला तो पक्षी रात्रीं विजेच्या बत्तीच्या उजेडांत दिसला होता. शास्त्रज्ञांना जो ८६ वर्षें हरवला होता त्याला तेलुगु खेडुतांच्या भाषेंत नांवसुद्धां होतें: ‘कलिवि कोडि’, म्हणजे करवंदीच्या जाळींतली कोंबडी. त्या नांवांतच त्याच्या राहण्याचें वर्णन आलें. त्याला दाट अरण्य चालत नाहीं, आणि साफ उघडा माळहि चालत नाहीं; विरळ काटेरी झुडपें आणि त्यांच्यामध्यें धांवण्यापुरती उघडी भुई, एवढेंच त्याला लागतें. नेमकी जी जमीन आपण पडीक म्हणून लिहून ठेवतों ती. जेथें त्याचा पुन्हां शोध लागला तेथें कालव्याचें काम आलें तेव्हां त्याच्यासाठीं कालव्याचा मार्ग बदलावा लागला. सिरोंचाच्या बाजूस मात्र तो ब्लॅनफर्डच्या लिखाणांतच राहिला आहे.

शेवटीं पुन्हां कागदाकडे येऊं, कारण ह्या जमिनीचें भवितव्य कागदावरच ठरतें. चंद्रपूरजवळच्या लोहारा रानांत कोळशाची उघडी खाण काढण्याचा एक बेत होता. २००९ सालीं त्याविरुद्ध शहरांत उपोषण झालें आणि केंद्राच्या पर्यावरण खात्यानें तेव्हां तो बेत पुढें जाऊं दिला नाहीं. झुडपी जंगलांचा वाद त्याहून जुना व व्यापक. तें वन मानावें कीं महसुली जमीन, ह्यावर कित्येक दशकें पत्रव्यवहार चालला. एकीकडे विकासाचीं कामें अडतात म्हणून तक्रार. दुसरीकडे वर्षानुवर्षें तेथें घरें, शाळा, दफनभूमि व सरकारी कचेऱ्याहि उभ्या राहिलेल्या. २२ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाला धरून झुडपी जमिनी वनच समजाव्या. मात्र त्या तारखेपूर्वीं सक्षम अधिकाऱ्यानें ज्या जमिनी वांटल्या व ज्यांचा वापर बदलून गेला त्यांच्यासाठीं राज्यानें केंद्राची रीतसर परवानगी मागावी, म्हणजे तेथें राहणाऱ्यांवर गदा येणार नाहीं. आणि एक कलम असें कीं तीन हेक्टरांहून लहान व जंगलाला लागून नसलेले जे विखुरलेले तुकडे आहेत ते संरक्षित वन म्हणून जाहीर करावे.

हे लहान तुकडेच शहरांच्या कडेला असतात. त्यांना नांव नसतें, फलक नसतो, आणि त्यांत काय आहे हें कोणत्याहि खात्याच्या दप्तरीं लिहिलेलें नसतें. म्हणून पांखरें पाहावयास जाणाऱ्यानें टिपणवहीच्या प्रत्येक पानावर चार गोष्टी आधीं लिहाव्या: तारीख, वेळ, मौजा, आणि तलाठ्याकडून विचारून घेतलेला जमिनीचा गट क्रमांक. खालीं पक्ष्यांचीं नांवें व संख्या लिहावी. घरटें दिसलें तर कोणत्या झुडपावर तें लिहावें, जागा मात्र चारचौघांत सांगूं नये. अनोळखी पक्ष्यापुढें प्रश्नचिन्ह घालावें, तर्कानें नांव घालूं नये. अशी वही दोन पावसाळे आणि दोन हिवाळे नेमानें भरली गेली, म्हणजे त्या गट क्रमांकाच्या जमिनीवर ‘पडीक’ ह्या एका शब्दाखेरीज दुसरेंहि कांहीं लिहिलेलें आहे असें दाखवितां येतें.